आईवडिलांना किती ठाऊक असते?

एखाद्या किशोरवयीन मुलाच्या हातून हत्याकांड घडले की घरच्यांना काहीच कसे ठाऊक नव्हते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते, कारण संस्कार कमी पडले हा निकाल त्याने मनातल्या मनात देऊन टाकलेला असतो. या निकालात एक सोयही असते, ती म्हणजे दोष त्या एका घरापुरता ठरला की इतरांची घरे निर्धास्त होतात.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा बळी घेतला व नंतर आत्महत्या केली. त्या दोघांपैकी डिलन क्लीबोल्ड काही आठवड्यांपूर्वीच आईवडिलांबरोबर ॲरिझोना विद्यापीठ पाहून आला होता आणि घटनेच्या तीन दिवस आधी शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभालाही गेला होता. त्याची आई स्यू क्लीबोल्ड यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींनुसार, गावातल्या इतर आया आपले मूल सुखरूप असावे म्हणून प्रार्थना करत असताना, आपल्या मुलाने आणखी कुणाला इजा करण्याआधी तो मरावा, अशी प्रार्थना त्यांना करावी लागली. कबरीची विटंबना होईल या भीतीने त्याचे दहन करण्यात आले. तो नाइलाजाने या कटात ओढला गेला असावा, ही त्यांची समजूत कित्येक महिने टिकली आणि पोलिसांनी ऑक्टोबरमध्ये पुरावे व दोघांनी स्वतःच केलेली चित्रफीत दाखवली तेव्हाच ती मोडली; तो दोन वर्षांपासून मरणाचे विचार लिहून ठेवत होता, हेही त्यांना त्याच्या मृत्यूनंतर कळले.

केनेथ डोका या अमेरिकन शोक-अभ्यासकाने १९८९ साली ‘मान्यता नाकारलेला शोक’ अशी संकल्पना मांडली. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, ज्यासाठी सांत्वनाला कुणी येत नाही आणि जे उघडपणे व्यक्त करणेही अनुचित समजले जाते, असे दुःख तिच्यात येते. गुन्हेगाराचे आईवडील याचे टोकाचे उदाहरण म्हणता येतील, कारण त्यांनी मुलासाठी रडावे तर बळींचा अपमान होतो आणि न रडावे तर निर्दयपणाचा शिक्का बसतो.

शोकाचा प्रश्न असा, तर जबाबदारीचा वेगळा. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. त्याने वापरलेले पिस्तूल वडिलांनी अवघ्या चार दिवसांपूर्वी त्याला बरोबर नेऊन विकत घेतले होते. घटनेच्या सकाळी गणिताच्या कागदावर मुलाने काढलेले पिस्तुलाचे व रक्तबंबाळ माणसाचे चित्र पाहून शाळेने पालकांना बोलावले; ते आले, चित्र पाहिले, पण त्याला घरी न नेता परतले, आणि त्याचे दप्तर कुणीच, म्हणजे शाळेनेही, तपासले नाही. २०२४ साली त्याचे आईवडील जेनिफर आणि जेम्स क्रम्बली या दोघांना, मारण्याचा हेतू नसतानाही घोर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरल्याबद्दल, म्हणजे निष्काळजीपणातून घडलेल्या मनुष्यवधाबद्दल, १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतील सामूहिक गोळीबारासाठी पालकांनाच अशा गुन्ह्यात दोषी ठरवण्याची अमेरिकेतील ती पहिलीच वेळ होती.

कायद्याचा इथला निकष पूर्वकल्पनीयतेचा आहे, म्हणजे सर्वसाधारण समजूतदार माणसाला धोका आधी दिसला असता का, हा. या निकषाने क्रम्बली दांपत्याचा न्याय करणे सोपे होते. कोलंबाइनच्या बाबतीत पालकांवर फौजदारी खटला भरला गेला नाही आणि दिवाणी दावे तडजोडीने मिटले. तरीही तेथील चित्र वाटते तितके कोरे नव्हते. जानेवारी १९९८ मध्ये मित्राबरोबर एक गाडी फोडून चोरी केल्याबद्दल डिलनला अटक झाली होती. मात्र खटल्याऐवजी समुपदेशन व समाजसेवा करून घेणारा सुधारणा-कार्यक्रम त्याने इतका चांगला पार पाडला की मुदतीआधीच त्याला मोकळीक मिळाली. मार्च १९९९ च्या पालकभेटीत इंग्रजीच्या शिक्षिकेने त्याने लिहिलेल्या एका अस्वस्थ करणाऱ्या हिंसक कथेचा उल्लेख केला, पण कथेचा कागद त्या वेळी हाताशी नव्हता, आणि आईवडिलांनी ती वाचली ती हत्याकांड झाल्यानंतरच.