जोड का धरत नाही?

भंडारा जिल्ह्याचे आणि धातूंचे नाते जुने आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून ओळखले जाते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. वरठीला पोलादाचा कारखाना आहे, तर गडेगावला ट्रक आणि बस बनवणाऱ्या कंपनीचा. पण हाच जिल्हा धानाचा आणि तलावांचाही आहे. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो, ओल धरून ठेवतो आणि पत्र्याला गंज चढतो. मग एक दिवस पाय ठेवायच्या जागी भोक दिसते.

समजा, तुमच्या मोठ्या भावाने घरच्या जुन्या व्हॅनचे असे भोक बुजवायचे ठरवले. त्याने घरच्या विजेवर चालणारे लहानसे मिग वेल्डिंग यंत्र आणले. पत्र्याचा तुकडा कापून भोकावर ठेवला आणि बटण दाबले. फटफट आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि पत्र्यावर गोळ्यांची माळ तयार झाली. पण हातोडीचा एक ठोका बसताच तुकडा निखळून पडला. "यंत्रच खराब आहे!" भाऊ वैतागून म्हणाला. खरोखरच यंत्र खराब होते का?

हे यंत्र कसे काम करते, ते आधी पाहू. यंत्रात बारीक तारेचे रीळ असते. मोटारीवर फिरणारे रोलर ही तार लांब नळीतून टॉर्चपर्यंत ढकलतात. टॉर्चच्या तोंडाशी तांब्याची लहान टीप असते. तिच्यातून जाताना तारेत वीज उतरते. तारेचे टोक पत्र्याला भिडले, की प्रखर ज्योत पेटते. तार आणि पत्रा दोन्ही वितळून एकजीव होतात. त्याच वेळी टॉर्चमधून येणारा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत तयार झाली. पुढे तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू वापरला जाऊ लागला. म्हणूनच आपल्याकडचे मिस्त्री तिला 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात.

म्हणजे वीज, तार, वायू आणि पत्रा या चौघांचे जमले, तरच जोड धरतो. दोष शोधतानाही या चौघांचीच चौकशी करायची. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चारही गोष्टी एकदम बदलल्या, तर खरा दोषी कोण, ते कधीच कळत नाही.

पहिली चौकशी विजेची. वीज टॉर्चमधून पत्र्यात येते आणि अर्थिंगच्या चिमट्यातून यंत्राकडे परत जाते. चिमटा रंगावर किंवा गंजावर लावला, तर परतीची वाट अडते व ज्योत अडखळते. म्हणून चिमट्याची जागा घासून चकचकीत करावी. ती जोडाच्या जवळच असावी. घरातून लांब आणि बारीक वायर ओढून यंत्र चालवले, तरी वाटेतच दाब कमी होतो. तारेच्या जातीप्रमाणे टोकेही तपासावीत. वायूसह वापरायच्या साध्या तारेसाठी टॉर्च धन टोकाला जोडतात. जिच्या पोटात रसायनाची पूड भरलेली असते, त्या बिनवायूच्या तारेसाठी टॉर्च बहुधा ऋण टोकाला जोडावा लागतो.

दुसरी चौकशी तारेची. तार सारख्या वेगाने आली पाहिजे. रोलर सैल असतील, तर ते नुसतेच घसरतात. फार आवळले, तर तार चेपते आणि अडली की रोलरपाशीच तिचा गुंता होतो. झिजलेली टीप किंवा धुळीने भरलेली नळी हेही अडथळेच. पावसाळ्यात रीळ उघडे राहिले, तर तारेला गंज चढतो. म्हणून काम संपल्यावर ते पिशवीत बंद करून ठेवावे. तारेचा वेग कानाने ओळखता येतो. वेग जास्त असला, तर तार पत्र्याला ढोसते आणि टॉर्च मागे रेटला जातो. वेग कमी असला, तर तार टीपेपर्यंत वितळून तिलाच चिकटते. वेग बरोबर असला, की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चुरचुर आवाज येतो.

तिसरी चौकशी वायूची. जोडावर लहान लहान छिद्रे दिसली, तर हवा आत शिरली असे समजावे. सिलिंडर संपला आहे का, नळी गळते आहे का, टॉर्चचे तोंड ठिणग्यांच्या थेंबांनी बुजले आहे का, हे पाहावे. पतल्या पत्र्याच्या कामाला मिनिटाला ८ ते १२ लिटर वायू साधारणपणे पुरतो. मात्र अंगणात वारा असेल किंवा शेजारी पंखा चालू असेल, तर तो सगळा उडून जातो.

चौथी चौकशी पत्र्याची. गंज, रंग, तेल आणि चिखल यांवर जोड बसत नाही. नेहमीच्या पोलादी तारेत सुमारे दीड टक्का मँगनीज असते. ते वितळलेल्या लोखंडातला ऑक्सिजन ओढून घेते. पण त्यालाही मर्यादा आहे. गंजाचा थर त्याच्याने निवारला जात नाही. गंजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापूनच काढावा लागतो.

गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. सलग रेघ ओढली, तर तो जळून भोक मोठे होते किंवा पत्रा वाकतो. म्हणून कपड्याला टाके घालावेत तसे एक टाका इथे, दुसरा दूर, असे लहान टाके मारत जावे. मागे तांब्याची पट्टी धरली, तर ती उष्णता ओढून घेते आणि जोड तिला सहसा चिकटत नाही.

यंत्र मध्येच बंद पडले, तरी घाबरू नये. त्यावर '२० टक्के' असे लिहिले असेल, तर १० मिनिटांत २ मिनिटेच वेल्डिंग करावे आणि ८ मिनिटे यंत्राला विश्रांती द्यावी. विदर्भातल्या मे महिन्यात ही विश्रांती अधिकच लागते.

आता काही गोष्टी कधीही विसरू नयेत. काळी काच असलेला मुखवटा लावल्याशिवाय ज्योतीकडे पाहू नये. नुसते बघणाऱ्याचेही डोळे काही तासांनी वाळू गेल्यासारखे खुपू लागतात. अंगात जाड सुती कपडे असावेत, नायलॉनचे नकोत. बॅटरीच्या तारा आधी काढाव्यात. पेट्रोलची टाकी आणि नळ्या यांच्याजवळ वेल्डिंग करू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला, तर थंडी वाजून ताप येतो. पितळ ओतणाऱ्या कारागिरांना हा ताप फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून जागा मोकळ्या हवेची हवी. वारा अडवायचा तो फक्त जोडापाशी.

भावाने एकेक चौकशी केली, तेव्हा दोष सापडला. चिमटा रंगावर लावलेला होता आणि भोकाच्या कडा गंजलेल्या होत्या. त्याने दोन्ही जागा साफ केल्या. पण लगेच व्हॅनला हात लावला नाही. त्याच जाडीचे दोन जुने तुकडे आधी जोडले, शेगड्यात धरून वाकवले. जोड उखडला नाही. मगच त्याने व्हॅनचे काम सुरू केले.

ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. काही जोड वरून सुंदर दिसतात. पण आत पत्रा वितळलेलाच नसतो. ग्राइंडर फिरवून रंग दिला, की खोटा जोड आणि खरा जोड सारखेच दिसतात. फरक कळतो तो रस्त्यावर, खड्ड्यात चाक आदळल्यावर. म्हणूनच गाडीची चौकट, स्टिअरिंगचे भाग आणि सीटबेल्ट जिथे बांधलेला असतो ती जागा शिकाऊ हाताने जोडू नये. ते काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे. शेवटी त्या पत्र्यावर आपल्याच घरची माणसे बसणार असतात.