गलांड्याची जात ओळखावी कशी?

दसरा चार दिवसांवर आला की नगर तालुक्यातील अकोळनेरसारख्या फुलांच्या गावांत पहाटेपासून तोडणीची लगबग सुरू होते. झेंडू आणि शेवंतीच्या शेजारी एक लाल-पिवळे फूल हमखास असते, ते म्हणजे गलांडा. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीतही तग धरणारे हे फूल अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना सणासुदीला चार पैसे मिळवून देते. पण ‘गलांडा तो गलांडा, त्यात जात ती कसली?’ असे म्हणून कोणतेही बी पेरले, तर वर्षाचा हंगाम हातचा जाऊ शकतो.

गलांडा मूळचा आपल्याकडचा नाही. तो उत्तर अमेरिकेतील रानफूल. १८ व्या शतकात गेलार्ड नावाच्या एका वनस्पतिप्रेमी फ्रेंच न्यायाधीशाच्या सन्मानार्थ त्याला गेलार्डिया हे नाव मिळाले आणि आपल्या बोलीत त्याचा गलांडा झाला. तिकडच्या मूळ रहिवाशांच्या रंगीबेरंगी विणीच्या कांबळ्यांसारखे दिसते, म्हणून इंग्रजीत त्याला ‘कांबळे-फूल’ अशा अर्थाचे नाव आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने १९८६ साली त्याला आपले राज्य रानफूल ठरविले.

या कुळात अनेक भावंडे आहेत. शेतकऱ्याने तीन ओळखली म्हणजे पुरे.

पहिला हंगामी गलांडा, शास्त्रीय नाव गेलार्डिया पुल्चेला. आपल्या शेतात असतो तो हाच. लावणीनंतर साधारण तीन महिन्यांत फुलतो, भरपूर फांद्या फुटतात, बी धरले की झाड वाळते. याच्यात पुन्हा दोन प्रकार आहेत. ‘पिक्टा’ म्हणजे एकेरी पाकळ्यांचा, मोठ्या फुलाचा. ‘लोरेंझियाना’ म्हणजे नळीसारख्या पाकळ्यांचा भरगच्च, गोंडेदार.

दुसरा बहुवर्षायू गलांडा, गेलार्डिया अरिस्टाटा. हा थंड प्रदेशातला. बुंध्याशी मोठ्या पानांचा झुबका धरतो आणि मुळापासून पुन्हा पुन्हा फुटतो. बियांपासून लावल्यास पुष्कळदा दुसऱ्या वर्षी फुलावर येतो. दसऱ्याचा बाजार गाठू पाहणाऱ्याला तो काय कामाचा?

तिसरा या दोघांचा संकर, गेलार्डिया ग्रँडिफ्लोरा. फूल मोठे व देखणे, बागेत शोभणारे. मात्र त्याचे बी धरून पेरले तर आईबापांसारखी रोपे येतीलच असे नाही.

मग ओळखायचे कसे? रंगावर जाऊ नका. लाल, पिवळा, किंवा लाल पाकळीला पिवळे टोक, हे रंग एकाच जातीतही आढळतात. त्याऐवजी झाड उपटून मूळ पाहा. एक बारीक सोटमूळ असून बुंध्याला नवे फुटवे नसतील तर तो बहुधा हंगामी. मग पाने पाहा. हंगामी झाडाची पाने खोडावर वरपर्यंत विखुरलेली असतात, बहुवर्षायूची बुंध्याशी दाटलेली. शेवटी पाकळ्या गळाल्यावर उरणारा गोल बोंडा हातावर चुरडा. बियांच्या मधे राठ केस दिसतील. अरिस्टाटात ते लांब, पुल्चेलात आखूड. अरिस्टाटा या नावाचा अर्थच ‘कुसळांचा’ असा आहे. गव्हाची कुसळे ज्याने हाताळली, त्याला हे शिकवावे लागत नाही. दोन्ही जातींचे बोंडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक पटकन लक्षात येतो.

आता बियाण्याची गोष्ट. गलांड्याचे झाड स्वतःच्या परागाने सहसा बी धरीत नाही. मधमाश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणतात तेव्हाच बी भरते. म्हणून निवडक फुलावर कापडी पिशवी बांधून शुद्ध बी मिळेल, ही आशा फोल आहे. एकेरी व गोंडेदार वाफे शेजारी असले, की पुढच्या वर्षी सरमिसळ ठरलेलीच. आणि व्यापाऱ्याला तर पाटीत एकसारखे फूल हवे असते. यासाठी बियाण्याचा वाफा वेगळा व दूर ठेवावा, पहिली फुले येताच वेगळी दिसणारी झाडे उपटून टाकावीत, आणि जोमदार झाडांना दोरा बांधून त्यांचेच पक्व बी वेचावे.

एक सूचना घरातल्या बायांसाठी, कारण तोडणीला बहुधा त्याच वाकतात. गलांडा हा गाजरगवताच्याच कुळातला. कुणाकुणाला त्याच्या चिकाने हाताला खाज सुटते, पुरळ उठते. अंगभर बाह्यांचा सदरा घालावा, तोडणीनंतर हात साबणाने धुवावेत. त्रास वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे.

बी विकत घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: हंगामी की बहुवर्षायू? एकेरी की गोंडेदार? उत्तर नीट मिळाले नाही, तर सगळे रान न गुंतवता आधी एकच वाफा लावून पाहा. एका वाफ्याने फसविले तर सावरता येते. सगळ्या रानाने फसविले तर दसरा कोरडा जातो.