आयुर्वेद महाविद्यालयाच्या परिसरातील कचरा व वनौषधी उद्यानाचे खत

वैद्यवर्गास जनपदोद्ध्वंसाची कल्पना नव्याने सांगावयास नको. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या विकृतीचा जो विचार आला आहे, तो आपण शिकतो आणि शिकवितो. ज्या इमारतीत तो शिकविला जातो, तिच्या मागील भिंतीलगत मात्र बहुधा एक खड्डा असतो. वसतिगृहातील खरकटे, रसशाळेतील क्वाथाचा चोथा, पंचकर्म विभागातील तेलकट फडकी आणि रसशास्त्राच्या प्रात्यक्षिकातील वापरून झालेली कांजी असे सर्व काही त्या एकाच खड्ड्यात पडत असते. प्रस्तुत लेखात या खड्ड्याचा विचार करावयाचा आहे, कारण त्यातील खत पुढे वनौषधी उद्यानात जाते.

सामान्य विद्यापीठाच्या आवारात कागद, प्लास्टिक, खरकटे, पालापाचोळा आणि प्रयोगशाळेतील रसायने एवढ्यावर वर्गीकरण आटोपते. आयुर्वेदाच्या शैक्षणिक संकुलात रुग्णालय, रसशाळा, औषधनिर्माणी, वसतिगृह आणि उद्यान एकाच कुंपणात नांदतात. त्यामुळे पुनर्वापराची संधी येथे अधिक आहे आणि चुकीचे परिणामही अधिक दूरवर जाणारे आहेत.

प्रथम संधीविषयी. क्वाथ, आसव, अरिष्ट व घनवटी करणाऱ्या कोणत्याही निर्माणीत सर्वांत अधिक निघणारा कचरा म्हणजे चोथा. तो शुद्ध वानस्पतिक असल्याने त्याचे उत्तम खत होते, परंतु तो नुसता ढिगाने टाकल्यास महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, असा अनुभव निर्माणीचालकांनी घेतलेला असेल. कारण सरळ आहे. दशमुळासारख्या द्रव्यांचा चोथा काष्ठमय असतो. त्यात कर्ब पुष्कळ आणि नत्र अल्प. जीवाणूंना कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे पंचवीस ते तीसास एक असे लागते. ही उणीव शेण, वसतिगृहातील भाजीपाल्याचे देठ आणि हिरवा पाला यांनी भरून निघते. त्रिफळा, बाभूळ, अर्जुन अशा कषायरसप्रधान द्रव्यांच्या चोथ्यात टॅनिन राहिलेले असते व ते गांडुळांना मानवत नाही. असा चोथा आधी शेणकाल्यात भिजवून, दर आठवड्यास खालीवर करून पाच-सहा आठवडे कुजू द्यावा आणि ढीग थंड झाल्यावरच गांडूळखताच्या वाफ्यात न्यावा. आसवारिष्टांच्या पिंपांतील धायटीच्या फुलांचा गाळ मात्र लवकर कुजतो. तो काष्ठमय चोथ्यात मिसळणे सोयीचे. तैलपाकानंतर उरणारा कल्क या ढिगात घालू नये. स्नेहामुळे हवा खेळत नाही, शिवाय मुंग्या व उंदीर येतात. तो वाळवून थोडा थोडा भट्टीत जाळणे बरे. हे सर्व साध्या वनस्पतिक तैलकल्कांविषयी आहे. मनःशिला, सिंदूर यांसारखी द्रव्ये असलेल्या पाकाचा कल्क जाळावयाचा नाही आणि कुजवावयाचाही नाही.

येथून मुख्य मुद्द्यास सुरुवात होते. नाग व वंग यांचे सामान्य शोधन करताना धातू वितळवून तैल, तक्र, गोमूत्र, आरनाल आणि कुलत्थक्वाथ यांत प्रत्येकी सात वेळा ढाळण्याची पद्धती आहे. धातू शुद्ध होऊन बाहेर येतो. पाच भांड्यांतील द्रव मागे राहतो. त्यात धातूचे सूक्ष्म कण, त्याची राख आणि आम्लद्रवात विरघळलेला अंश असतो. हरताळाचे कोहळ्याच्या रसात दोलायंत्राने स्वेदन केल्यावर उरणारा रस, हिंगुळातून काढलेला पारद धुतलेले उष्णोदक, खल धुतलेले पाणी, हीही त्याच जातीची. दिसावयास हे सारे ताक, गोमूत्र आणि कोहळ्याचा रस असते. म्हणून सेवकवर्ग ते ‘खताला चांगले’ समजून खड्ड्यात ओततो. आमच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात ही प्रथा कित्येक वर्षे चालू होती आणि त्याच खड्ड्याच्या खतावर शतावरी व अश्वगंधेचे वाफे पोसले जात होते.

शिसे, पारा व सोमल हे कुजण्याने नाहीसे होत नाहीत. उलट, ढीग कुजून त्याचे वजन घटते तसे उरलेल्या खतातील त्यांचे प्रमाण वाढते. जमिनीत गेलेले शिसे वरच्या थरातच धरून राहते. मुळे खोदून काढताना तीच माती मुळास चिकटलेली येते.

आकड्यांकडे पाहिले असता गोष्ट अधिक स्पष्ट होते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खतात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते. शुद्ध वानस्पतिक औषधांसाठी आयुष विभागाने निर्यातीच्या संदर्भात २००६ पासून चाचणी सक्तीची केली, तिच्यातील शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे; सोमलाची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३. म्हणजे जे खत बाजारात निर्दोष ठरते, त्याची मातीही मुळास चिकटून औषधात येऊ नये इतकी काळजी आपणास घ्यावी लागते. मग शोधनद्रव पडलेल्या खताची कथा काय सांगावी! रसौषधींच्या सुरक्षिततेविषयी देशाबाहेरून आक्षेप आले की आपण शोधन-मारणाचे शास्त्र पुढे करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु वानस्पतिक चूर्णात मातीवाटे आलेल्या अशोधित शिशाला कोणत्याही ग्रंथाचा आधार देता येणार नाही.

उपाय खर्चिक नाही. शोधनाचे प्रत्येक द्रव झाकणाच्या जाड प्लास्टिक कॅनमध्ये भरावे, त्यावर धातूचे नाव व दिनांक लिहावा. तळाशी बसलेला धातूचा गाळ पुढील शोधनासाठी परत घेता येतो. पारद पाण्याहून सुमारे साडेतेरापट जड असल्याने तो धुण्याचे काम नळाखाली न करता पसरट पात्रात केल्यास सुटलेले थेंब तळाशी सापडतात. उरलेला द्रव धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतो. तो अधिकृत प्रकल्पाकडेच द्यावयाचा. महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव व बुटीबोरी येथे असे प्रकल्प आहेत. एका महाविद्यालयाचे वर्षाचे द्रव थोडे असते हे खरे, म्हणून जवळपासच्या संस्था व निर्माण्यांनी एकत्रित नोंदणी करण्याचा मार्ग मंडळाशी बोलून पाहावा.

रुग्णालयातील कचऱ्याविषयी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आयुष रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘आमच्याकडे शस्त्रकर्म फारसे नाही’ हे उत्तर चालत नाही. रक्तमोक्षणातील रक्ताने भिजलेला कापूस व पट्ट्या, तसेच मृत जळवा पिवळ्या पिशवीत जातात. बस्तीचे कॅथेटर, हातमोजे आणि सुईविरहित सिरिंज लाल पिशवीत. याच प्लास्टिकचे निर्जंतुकीकरण व तुकडे होऊन पुनर्चक्रीकरण होते. सिरावेधाच्या व क्षारसूत्राच्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. दूषित काच निळ्यात. यात एकाच गोष्टीवर आमचा भर आहे. रुग्णालयातील सुई खरकट्याच्या बादलीत गेली तर ती बोचते ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला, आणि ती कोणत्या रुग्णाची होती हे तिला कधीच कळत नाही.

अभ्यंगाच्या तेलकट फडक्यांना रक्त लागलेले नसेल तर ती या नियमांत येत नाहीत, पण ती ढिगाने बंद पिंपात कोंबू नयेत. तेलाचे हवेशी संयोग होऊन उष्णता साठते व कापड आपोआप पेट घेऊ शकते. गरम वाळवणीयंत्रातून काढून लगेच घडी केलेल्या अशा टॉवेलांनी पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. शिरोधारेचे वापरलेले तेल मोरीत ओतणे म्हणजे स्वतःच्याच नळ्या तुंबविणे होय.

सुक्या कचऱ्याबाबत पुण्याचे उदाहरण आवर्जून सांगण्यासारखे आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने कचरावेचक स्त्रियांमध्ये जे काम केले, त्यातून १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. विद्यापीठाने कचऱ्याकडे पाहताना तो हाताळणाऱ्या माणसाकडे पाहिले, हे येथे विशेष. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची त्यांची साधी सूचना प्रत्येक मुलींच्या वसतिगृहात लावण्यासारखी आहे. औषधनिर्माणीचालकांनी रिकाम्या बाटल्या भंगारात देताना लेबले फाडून द्यावीत; बनावट माल भरणाऱ्यांना आयती सोय होऊ नये.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वर्ग सांगितले असून दिवसाला १०० किलो वा अधिक कचरा करणाऱ्या संस्थांवर स्वतंत्र जबाबदारी टाकली आहे. संगणक, दिव्यांच्या नळ्या व विद्युत्घट यांना स्वतंत्र नियम आहेत. त्या वस्तू अधिकृत संकलकास द्याव्यात, एवढे येथे पुरे.

शेवटचा प्रश्न जुन्या खड्ड्यांचा. ज्यांत पूर्वी शोधनद्रव पडले असण्याची शंका आहे, तेथील खत उद्यानात नेणे त्वरित थांबवावे. खड्ड्यातील व ज्या वाफ्यांना ते घातले त्यांतील मातीचे नमुने वेगवेगळे घेऊन जडधातूंसाठी तपासून घ्यावेत, आणि अहवाल येईपर्यंत त्या वाफ्यांतील मूळ, पान अथवा पंचांग औषधात वापरू नये. प्रमाण अधिक आढळल्यास तेथे शोभेची झाडे लावावीत, वाफ्यावर तशी पाटी लावावी आणि औषधी वनस्पतींसाठी दुसरी जागा करावी. हा नमुना पाठविण्याचे काम द्रव्यगुण व रसशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून करणे अधिक चांगले, कारण एकाचा कचरा दुसऱ्याच्या वाफ्यात गेलेला असतो.