विमानप्रवासाची पूर्वतयारी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक छोटेसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस आणले व ते जुहू येथे उतरवले. त्या विमानात टपाल होते, प्रवासी नव्हते. आज एका मोठ्या विमानातून शेकडो माणसे एकाच वेळी प्रवास करतात. विमानाचे रूप पालटले, वेग वाढला. परंतु एक गोष्ट तशीच राहिली आहे. आगगाडी वाटेतील स्थानकांवर थांबते. मोटार घाटात बिघडली, तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमान मात्र आकाशात उभे करता येत नाही. म्हणून जे पाहायचे, तपासायचे आणि बरोबर घ्यायचे, ते सर्व जमिनीवर असतानाच उरकावे लागते. विमानप्रवासाच्या बहुतेक नियमांचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

तयारीचा आरंभ घरीच होतो. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव एकच आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. परदेशी जायचे असल्यास पारपत्र हवे व ज्या देशात जायचे त्याच्या नियमाप्रमाणे प्रवेशाचा परवानाही हवा. देशातल्या देशात जाणाऱ्याने सुमारे दोन तास आणि परदेशी जाणाऱ्याने सुमारे तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे. इतका वेळ कशासाठी, असे कोणास वाटेल. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. प्रत्येक विमानाची निघण्याची वेळ ठरलेली असते. एखाद्या विमानाची पाळी चुकली, तर त्यातील सर्वांनाच ताटकळावे लागते. म्हणून विमान कोणा एकासाठी थांबून राहत नाही.

सामान बांधताना त्याचे दोन भाग करावेत. मोठी पेटी विमानाच्या पोटातील कोठारात जाते आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत हाती येत नाही. यास्तव औषधे, कागदपत्रे व मौल्यवान वस्तू जवळच्या लहान पिशवीत ठेवाव्यात. चाकूसारखी धारदार वस्तू जवळच्या पिशवीत चालत नाही. ती मोठ्या पेटीत ठेवावी लागते. पॉवर बँकेचा नियम ह्याच्या नेमका उलट आहे. तिच्यातील विद्युत्घट बिघडल्यास पेट घेऊ शकतो. प्रवाशांच्या कक्षात आग लागली, तर ती तत्काळ दिसते व विझवता येते. बंद कोठारात ती कोणाच्याही ध्यानात येणार नाही. कोकणातील माणसास नवल वाटेल, पण सुके खोबरेदेखील विमानवाहतुकीत धोक्याच्या मालात गणले जाते. कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेटण्याचा संभव असतो.

सामान दिले, पण त्याचा धनी विमानात चढला नाही, तर ते सामान शोधून खाली उतरवले जाते. ह्या दक्षतेमागे एक दुःखद इतिहास आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर बाँबस्फोटाने नष्ट झाले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्या पेटीतून बाँब चढवला गेला, तिचा प्रवासी स्वतः विमानात चढलाच नव्हता. सामानाची तपासणी करणारे कर्मचारी एखादी पिशवी पुन्हा उघडावयास सांगतात, तेव्हा प्रवाशाने रागावू नये; ती तपासणी त्याच्याही रक्षणासाठी असते.

विमान सुमारे दहा हजार मीटर उंचीवरून जाते. तेथील हवा अतिशय विरळ असते. म्हणून यंत्रांच्या साहाय्याने आतील हवेचा दाब वाढवलेला असतो. तरीही तो जमिनीवरील दाबाहून कमीच राहतो. विमान चढताना व विशेषतः उतरताना हा दाब बदलतो आणि कानाला दडा बसतो. घसा व कान ह्यांना जोडणारी एक बारीक नळी असते. आवंढा गिळल्याने किंवा जांभई दिल्याने ती उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून गोळी चघळावी. तान्ह्या मुलास दूध पाजावे. फार सर्दी झाली असल्यास निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

विमान सुटण्यापूर्वी कर्मचारी पट्टा कसा बांधावा, संकटकाळी बाहेर पडण्याचे दरवाजे कोठे आहेत, हे दाखवतात. प्राणवायूचा मुखवटा खाली आला, तर तो आधी स्वतःस लावावा व मग शेजारच्या मुलास लावावा, असेही ते सांगतात. ऐकताना हा स्वार्थ वाटतो. परंतु तेवढ्या उंचीवरील विरळ हवेत माणसाची शुद्ध मिनिटभरातच हरपू शकते. जो स्वतः शुद्धीवर नाही, तो दुसऱ्यास कसा वाचवणार? अनेक वेळा प्रवास केलेली माणसे ह्या सूचनांच्या वेळी वर्तमानपत्रात डोके घालून बसतात. पण त्या सूचना ऐकून ठेवणे हीदेखील तयारीच होय. विमानात परस्परांना अनोळखी अशी कितीतरी माणसे काही तास एकत्र असतात. त्यांतील प्रत्येकाने आपली तयारी नीट केली, म्हणजे सर्वांचाच प्रवास सुखाचा होतो.