पंचगंगा 43 फुटांवर, पण आपल्या गल्लीचं काय?

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर पहिली चौकशी पंचगंगेच्या पातळीची होते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, प्रत्येकातून 1428 क्युसेकनं पाणी कधी सुटलं, याचे मेसेज घटकाभरात गावभर होतात. माहितीचा दुष्काळ अजिबात नाही. तरीही 2019 आणि 2021 मध्ये पातळी 55 फुटांपलीकडे गेली, तेव्हा कित्येक कुटुंबांना बोटीतूनच बाहेर काढावं लागलं.

43 हा आकडा बंधाऱ्याचा आहे, कुणाच्या उंबऱ्याचा नव्हे. पाणी काही फक्त घाटाच्या पायऱ्या चढून गावात येत नाही. नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी तिच्यात उतरेनासं होतं, तुंबतं आणि नाल्याच्या काठानं वस्तीत शिरतं. सुतारवाड्यातल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवावं लागतं ते यामुळेच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. तिथल्या सूर्यवंशी प्लॉटात मात्र त्याच्या कितीतरी आधी पाणी आलेलं असतं.

म्हणजे खरी गरज आहे ती गल्लीनिहाय पातळी सांगणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेची. हे काम संगणक एकटा करील असं वाटतं, पण तिथेच गोम आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानानं रडारच्या साहाय्यानं पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली आणि ती माहिती आज फुकट मिळते. मात्र तिचा एकेक चौकोन सुमारे 30 मीटरचा आहे आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. शिवाय दाट वस्तीत जमिनीबरोबर छपरं आणि झाडंही मोजली जातात. आपल्याकडे तर फूटभर पाण्यावर ठरतं, नुसती गाडी हलवायची की घरातली माणसं. विमानातून लेझरनं केलेली मोजणी बरीच नेमकी असते, पण ती खर्चाची.

याहून स्वस्त साधन लोकांच्या मोबाइलमध्येच पडून आहे. 2019 आणि 2021 च्या पुराचे फोटो घरोघरी आहेत. मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो काढल्याची वेळ असते आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरलेल्या प्रतीत ही माहिती उरत नाही, म्हणून मूळ फोटोच हवा. त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट पाणी होतं ते नोंदींतून काढायचं, की फोटोत पाणी ज्या पायरीला लागलं आहे तिचा आकडा मिळाला. फोटो पाणी चढतानाचा निवडावा. ओसरताना सखल भागात पाणी अडून राहतं आणि हिशेब चुकतो. असे शंभरेक फोटो एका पेठेतून जमले, तर त्यांतून बनणारा त्या पेठेपुरता नकाशा अंतराळातून केलेल्या मोजणीपेक्षा विश्वासाचा होईल, असं माझं मत आहे.

लोकांच्या नोंदींवर शहराचा नकाशा उभा राहतो, हे जकार्तानं दाखवलं आहे. तिथे 2014 च्या डिसेंबरात ‘पेटाजकार्ता’ सुरू झालं. ट्विटरवर कुणी ‘बांजिर’, म्हणजे पूर, असं लिहिलं की यंत्रणा त्यालाच उलट विचारायची: कुठे आहात, नक्की कळवा. या नोंदी शहराच्या आपत्ती विभागाच्या कामी येत. पुढे हेच काम ‘पेटाबेंचाना’ या नावानं देशभर पसरलं.

आपल्याकडे ‘सचेत’ या सरकारी आपत्ती-सूचना यंत्रणेचे इशारे मोबाइलवर येतात. 2023 मधल्या चाचणीत फोन अचानक किंचाळून उठले होते, ते आठवत असेल. पण चौथ्या मजल्यावरच्या, ऑक्सिजनवर असलेल्या आजोबांना खाली कोण आणणार, हे जिल्ह्याच्या इशाऱ्यात येत नाही. ते ठाऊक असतं शेजाऱ्यांना आणि तालमीतल्या पोरांना. बोट येण्याआधी पाण्यात उतरतात तीही हीच पोरं. त्यामुळे अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले आणि एकटे राहणारे यांची यादी हवीच, फक्त ती सगळ्यांना उघडी नको. गल्लीतल्या दोन जबाबदार माणसांकडेच ती असावी. बंद घरं कुठली, हेही जगाला कळायला नको.

आणि हे सगळं विजेवाचून चालायला हवं. महापुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात. रस्तेही तुटतात; 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. म्हणून वेबसाइटचं पान इतकं हलकं हवं की कमकुवत नेटवर्कवरही उघडेल, पातळी एसएमएसनं कळेल आणि गल्लीचा तक्ता मे महिन्यातच छापून तालमीच्या भिंतीवर लागेल.

वेबसाइट कुणी का बांधेना, फोटो आपल्यालाच द्यावे लागतील. गॅलरीत 2019 चा किंवा 2021 चा जुलै-ऑगस्ट उघडा, उंबऱ्याला पाणी लागल्याचा फोटो शोधा आणि तारीख-वेळेसह तालमीत नेऊन द्या. फोन बदलायच्या आधी तेवढं करा.