स्वयंपाकघरातील ऊब येते कुठून?

नव्या घराचा ताबा मिळाला की पहिला मोठा खर्च बहुधा स्वयंपाकघरावर होतो. चकचकीत पांढरी कपाटे, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, छताला एलईडीचे पॅनेल. पाहुणे कौतुक करतात. महिनाभरात मात्र चित्र वेगळे दिसते. स्वयंपाक करणारी व्यक्ती काम उरकून लगेच बाहेर पडते, मुले डबा उचलून निघून जातात आणि गप्पा हॉलमध्येच रंगतात. मग ‘जरा उबदार वाटायला हवे’ म्हणून भिंतीला नवा रंग, खिडकीला पडदा, कोपऱ्यात कुंडी अशी खरेदी सुरू होते.

एखादी खोली उबदार वाटणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. डोळे, त्वचा, नाक आणि कंबर मिळून तो निकाल देत असतात. त्यांना काय हवे ते कळले, तर बराचसा खर्च वाचतो आणि आरोग्यही सांभाळले जाते.

दिवा कुठे आणि कसा?

दिव्याच्या खोक्यावर २७००, ४००० किंवा ६५०० असा आकडा आणि पुढे ‘के’ हे अक्षर असते. हे केल्विनमधील रंगतापमान. गंमत अशी की आकडा जितका मोठा, तितका प्रकाश डोळ्यांना ‘थंड’ म्हणजे निळसर वाटतो. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विनच्या आसपास, जुना तारेचा पिवळा बल्ब २७००, तर भरदुपारचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विन. माणसाच्या हजारो पिढ्यांनी रात्रीचा उजेड पाहिला तो विस्तवाचा. त्यामुळे मंद आणि पिवळसर प्रकाशात विसावा वाटतो, यात नवल नाही. डच शास्त्रज्ञ क्रुइथॉफ यांनी १९४१ मध्ये मांडले की कमी उजेड पिवळसर असेल तर सुखद वाटतो आणि निळसर असेल तर उदास वाटतो. पुढच्या प्रयोगांत त्यांचा आलेख जसाच्या तसा टिकला नाही. तरीही ६५०० केल्विनच्या एकाच ट्यूबखाली रात्रीचे जेवण का रुचत नाही, हे त्यातून उमगते. शिवाय रात्रीचा प्रखर, निळसर प्रकाश झोपेला मदत करणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती रोखतो.

याचा अर्थ सगळीकडे पिवळे मंद दिवे लावावेत, असा नाही. कांदा चिरायला, तांदळातले खडे पाहायला ३०० ते ५०० लक्स इतका चांगला उजेड लागतो. आपल्याकडची नेहमीची चूक दिव्याच्या रंगात नसून जागेत असते. ट्यूब खोलीच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर, आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या व्यक्तीची सावली नेमकी विळीवर किंवा सुरीखाली. साठीतील व्यक्तीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. म्हणजे सुनेला पुरेसा वाटणारा उजेड सासूबाईंना अंधारच असू शकतो. वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, साधी एलईडीची पट्टी लावली की सावली नाहीशी होते. तिथे ४००० केल्विनचा दिवा असावा. खोक्यावर ‘सीआरआय’ ९० किंवा त्याहून अधिक असेल तर कोथिंबीर हिरवी आणि टोमॅटो लाल दिसतो. हा निर्देशांक कमी असला की ताजी भाजीही शिळी वाटते. जेवणाच्या टेबलावर मात्र वेगळ्या बटणावर चालणारा २७०० ते ३००० केल्विनचा दिवा हवा. काम संपले की पहिला बंद, दुसरा चालू. एवढ्या बदलानेही खोलीचा नूर पालटतो.

दगड गार, लाकूड उबदार

ओट्याचा ग्रॅनाइट आणि शेजारचा पोळपाट एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतात. तरी हात लावला की दगड गार लागतो आणि लाकूड लागत नाही. त्वचा वस्तूचे तापमान मोजत नाही, तर शरीरातून उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजते. दगड ती भराभर ओढून घेतो, लाकूड सावकाश. शहाबादी फरशीवर जेवायला बसताना लाकडी पाट मांडण्याच्या प्रथेत हे शहाणपण होतेच. म्हणून संपूर्ण स्वयंपाकघर लाकडाचे करण्याची गरज नाही. हात जिथे टेकतात आणि माणसे जिथे बसतात, ती टेबलाची कड, स्टूलाची बैठक आणि कपाटाची मूठ लाकडाची असली तरी पुरते. दगड आणि टाइल्स आवाजही परतवतात. भांड्यांचा खणखणाट आणि मिक्सरची घरघर त्यामुळे कानाला अधिक बोचते. सुती पडदा, लाकडी फळ्या असा मऊ, खडबडीत पसारा तो थोडाफार शोषून घेतो. पडदा शेगडीपासून लांब आणि कृत्रिम धाग्याचा नसावा, इतके पथ्य पाळावे.

भिंतीच्या रंगाबाबत मात्र अपेक्षा बेताच्या असाव्यात. तांबूस-पिवळ्या रंगामुळे काही लोकांना किंचित अधिक उबदार वाटते, पण शरीराचे तापमान त्याने बदलत नाही. रंगाचा मोठा परिणाम उजेडावर होतो. बदामी किंवा फिकट पिवळा रंग बराचसा प्रकाश परत पाठवतो, तर गडद मरून तो गिळून टाकतो. लहान, एकच खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात हा फरक लगेच जाणवतो.

फोडणीचा वास आणि धूर

स्वयंपाकघर ‘आपले’ वाटण्यात सर्वांत मोठा वाटा नाकाचा असतो. इतर संवेदना मेंदूत थॅलॅमस या थांब्यावरून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट पोहोचतात. हिंग-मोहरीच्या फोडणीने क्षणात आजीचे घर आठवते ते यामुळे.

पण त्याच फोडणीच्या धुरात सूक्ष्म कणही असतात. आजीच्या चुलीची ऊब खरी होती, तसा तिचा खोकलाही खरा होता. लाकूड, गोवरी, कोळसा आणि रॉकेल यांच्या घरगुती धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एलपीजी त्याहून खूपच स्वच्छ आहे, तरी निर्धोक नाही. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो दम्याच्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, त्रास देतो. तळणाचे तेल तापून धुरावू लागले की अतिसूक्ष्म कण झपाट्याने वाढतात.

इथेच सजावटीचा घाट आरोग्यावर उलटतो. स्वयंपाकघर मोठे दिसावे म्हणून ड्राय बाल्कनीला काचा बसवल्या जातात आणि हवेचा एकमेव मार्ग बंद होतो. एक्झॉस्ट पंखा मग तोच धूर बंद बाल्कनीत सोडतो आणि तो परत आत येतो. भिंतीत भोक पाडायला नको म्हणून नळी नसलेली चिमणी घेतली जाते. ती तेलकट थेंब आणि थोडा वास अडवते, पण वायू आणि वाफ खोलीतच परत सोडते. चिमणीची नळी इमारतीबाहेर उघडायला हवी. चिमणी शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर असावी. तळण आणि फोडणी शक्यतो मागच्या बर्नरवर करावी, कारण तिथला धूर चिमणीत अधिक चांगला ओढला जातो. चिमणी नसेल तर पंखा आणि खिडकी स्वयंपाक सुरू होण्याआधी उघडावी व आच बंद झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी.

कुंडीतल्या झाडाने हवा शुद्ध होते, हा समज १९८९ मधील नासाच्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग बंद पेट्यांत केले होते. राहत्या घरात, हवा सतत बदलत असताना, दोन-चार कुंड्यांचा परिणाम नगण्य असतो. खिडकीत पुदिना किंवा ओवा जरूर लावावा, पण तो डोळ्यांसाठी आणि चटणीसाठी.

उभ्या असणाऱ्यासाठी

आधुनिक स्वयंपाकघराची मूळ कल्पना एका स्त्री वास्तुरचनाकाराची. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघरावरून त्यांना ते सुचले. खिडकीशी कामाचे टेबल, बसून काम करायला फिरते स्टूल आणि छतावरच्या पट्टीवर हवा तिथे सरकवता येणारा दिवा त्यात होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. बाईची पायपीट वाचली, पण पुढे त्यावर टीका झाली ती एका नेमक्या उणिवेवर. तिथे एकाच व्यक्तीपुरती जागा होती. दुसरे कोणी सोबत बसू शकत नव्हते.

आजच्या मॉड्युलर किचनने तिची कपाटे घेतली, स्टूल आणि सरकता दिवा मात्र विसरला. ओट्याची उंचीही सरसकट ठरवली जाते. चिरण्या-निवडण्यासाठी ओटा कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला म्हणजे साधारण ३२ ते ३३ इंच. ३६ इंचांच्या ओट्यावर तिचे खांदे दिवसभर उचललेले राहतात. कणीक मळताना वरून जोर द्यावा लागतो, त्यामुळे परात आणखी खाली हवी. शेगडीच स्वतः चार-सहा इंच उंच असते, म्हणून शक्य असल्यास तिच्याखालचा ओटा थोडा खाली घ्यावा. ओटा बदलणे शक्य नसेल, तर पायाखाली न सरकणारी, घट्ट आणि रुंद लाकडी चौकी ठेवता येते. सिंकसमोरचे पायपुसणे खालून रबराचे असावे.

माप घ्यायचे ते घरात सर्वाधिक वेळ ओट्याशी उभे राहणाऱ्या व्यक्तीचे, आणि तिला विचारून. त्यानंतर उरलेल्या पैशांत एक लाकडी स्टूल घ्यावे आणि ते ओट्याजवळ, वाटेत येणार नाही असे ठेवावे. कधी त्यावर बसून तिला शेंगा निवडता येतील, कधी दुसरे कोणी बसून तिच्याबरोबर त्या निवडू लागेल.