मुदत नेमकी कोणाची वाढली?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई आणि लगतच्या जिल्ह्यांना पावसाने झोडपले. लोकल थांबल्या, दुकानांत पाणी शिरले, लोक घरांत अडकले. नेमकी २० ऑगस्ट ही जुलै महिन्याचे जीएसटी विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-३बी, भरण्याची शेवटची तारीख होती. त्याच दिवशी केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि मुदत २७ ऑगस्टपर्यंत वाढली. ही सवलत मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांपुरती होती. मुंबईच्या गोरेगावातील व्यापाऱ्याला सात दिवस मिळाले. रायगडातील माणगाव तालुक्यात गोरेगाव आहे, तिथल्या व्यापाऱ्यालाही मिळाले. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावच्या व्यापाऱ्यासाठी मात्र २० ऑगस्ट हीच अखेरची तारीख राहिली.

यात गोंदियावर अन्याय झाला असे नाही. तो पाऊस मुंबईकडचा होता. पण 'आपत्ती आली की कराची मुदत आपोआप वाढते' हा सर्वांत पसरलेला गैरसमज या उदाहरणात उघडा पडतो. भारतात आपोआप असे काहीच होत नाही. पूर आला, पंचनामे झाले, पालकमंत्री पाहणी करून गेले, तरी कराची तारीख हलत नाही. तारीख हलते ती लेखी आदेशाने. त्या आदेशात कोणता कर, कोणता कालावधी, कोणते जिल्हे किंवा तालुके आणि कोणत्या दिवसापर्यंत, हे लिहिलेले असते. त्याबाहेर एक दिवसही मिळत नाही.

नुकसान कुठे झाले यापेक्षा नोंदणी कुठे आहे, हे जीएसटीच्या अशा आदेशांत पाहिले जाते. व्यवसायाचे मुख्य ठिकाण ज्या जिल्ह्यात नोंदवले आहे, तो जिल्हा यादीत हवा. गोरेगाव तालुक्यातील राईस मिलचा तांदूळ भिवंडीच्या गोदामात भिजला, तरी मिलची नोंदणी गोंदिया जिल्ह्यात असल्याने ठाण्याची सवलत तिला लागू होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर तामिळनाडूत हेच बारकाईने दिसले. चेन्नई, तिरुवल्लूर, चेंगलपट्टू आणि कांचीपुरम या चार जिल्ह्यांना नोव्हेंबरच्या विवरणपत्रासाठी २७ डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. पुढे दक्षिण तामिळनाडूत पूर आला, तेव्हा तिरुनेलवेली, तेनकासी, कन्याकुमारी, तुतुकुडी आणि विरुदुनगर या पाच जिल्ह्यांना १० जानेवारी २०२४ ही वेगळी तारीख मिळाली. एकाच राज्यात, एकाच महिन्यात, एकाच विवरणपत्राच्या तीन तारखा झाल्या.

गोरेगाव तालुक्यात जीएसटी भरणारे थोडे आणि धान पिकवणारे बहुसंख्य. हा तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. इथली आपत्ती अनेकदा ऐन हंगामात, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असताना अवकाळी पावसाच्या रूपाने येते. २०१७ च्या खरिपात तुडतुड्याने गोंदिया-भंडाऱ्याचा धान खाल्ला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगेने पूर्व विदर्भातील काठची गावे बुडवली. अशा वेळी चावडीवर एक वाक्य हमखास ऐकू येते: सरकारने शेतकऱ्यांचा कर माफ केला.

कोणता कर? शेतीच्या उत्पन्नावर आयकर लागतच नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० मध्येच तशी सूट आहे. त्यामुळे केवळ धानावर जगणाऱ्या कुटुंबाला आयकराची मुदत वाढल्याची बातमी उपयोगाची नाही. शेतकरी भरतो तो जमीन महसूल, जुन्या भाषेत शेतसारा, आणि त्यासोबत जिल्हा परिषदेचे व ग्रामपंचायतीचे उपकर. ही रक्कम लहान असते. तरीही तिच्यासंबंधीचा आदेश महत्त्वाचा असतो, कारण त्याच कागदावर इतर सवलतीही लिहिलेल्या असतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ७८ नुसार पीक बुडाले, पूर आला किंवा दुसरी नैसर्गिक आपत्ती ओढवली, तर राज्य सरकार एखाद्या क्षेत्रातील महसूल कमी करू शकते, तहकूब करू शकते किंवा त्यात सूट देऊ शकते. कमी करणे, तहकूब करणे आणि सूट देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ हा दुसरा मोठा गैरसमज. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. देणे कायम राहते, फक्त तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, तूर्त मागायला येत नाही. सूट मिळाली की ते देणे संपते.

हा फरक किती जिव्हाळ्याचा असू शकतो, हे जुन्या मुंबई इलाख्याने १९१८ मध्ये पाहिले. खेडा जिल्ह्यात पीक बुडाले होते. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीची पूर्ण वसुली तहकूब करावी, असा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, जास्त आहे. महात्मा गांधी आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालील खेडा सत्याग्रह या वादावर उभा राहिला. शेतकऱ्यांची मागणी माफीची नव्हती, नियमात बसणाऱ्या तहकुबीची होती. पीक आण्यांत मोजण्याची ती पद्धत, आणेवारी, पुढे पैसेवारी झाली. आजही पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली का, याकडे गोंदियातील गावांचे लक्ष असते. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि नागपूर विभागात अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. म्हणून दिवाळीआधी वर्तमानपत्रात आलेल्या आकड्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

तहकुबीचा थेट फायदाही समजून घ्यायला हवा. मुदतीत महसूल न भरता जाणूनबुजून थकवणाऱ्यावर थकबाकीच्या एक चतुर्थांशापर्यंत दंड लावता येतो, पण सरकारच्या आदेशाने तहकूब झालेल्या हप्त्यावर तो लावता येत नाही.

'दुष्काळ जाहीर झाला म्हणजे सगळीकडे झाला' हेही खरे नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने दुष्काळ जाहीर केला तो ४० तालुक्यांत, त्यांपैकी २४ मध्ये गंभीर आणि १६ मध्ये मध्यम स्वरूपाचा. गोंदियाचा एकही तालुका त्यात नव्हता. विदर्भातून फक्त बुलढाणा आणि लोणार होते. नंतर नोव्हेंबरमध्ये १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. म्हणजे एकाच तालुक्यातील एका मंडळाला सवलत आणि शेजारच्या मंडळाला नाही, असेही होऊ शकते. आदेशाला जोडलेली यादी वाचल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नये.

त्या आदेशात आठ सवलती होत्या: जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर आणि टंचाईच्या गावांत शेतीपंपाची वीज न तोडणे. यांत कराशी संबंधित एकच आहे. महसुलात सूट खरीच सूट आहे, परीक्षा शुल्काची माफी खरीच माफी आहे. कर्जवसुलीची स्थगिती मात्र फक्त स्थगिती आहे. पुनर्गठनात पीक कर्जाचे रूपांतर मुदत कर्जात होते, हप्ते पुढे जातात आणि व्याज चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर परतफेडीला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि ५० टक्के किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत देता येते. सोसायटीच्या सचिवाने पुनर्गठनाच्या कागदावर सही मागितली, की नवी परतफेडीची तारीख आणि व्याजाचा दर विचारून घेण्यात संकोच करू नये.

अतिवृष्टीच्या वर्षी 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी गावोगाव होते. ती मागणी कळकळीची असते, पण दुष्काळ संहितेत 'ओला दुष्काळ' अशी संज्ञा नाही. म्हणून सवलती मिळत नाहीत, हा मात्र गैरसमज. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनंतर राज्याने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा दुष्काळातल्या सवलती पूरग्रस्त तालुक्यांना लागू केल्या. घोषणेतील शब्दापेक्षा शासन निर्णयातील तालुक्यांची यादी महत्त्वाची.

आता दुकानदार, शिक्षक, मिलमालक, ठेकेदार, म्हणजे आयकर भरणारे गोरेगावकर. त्यांचा गैरसमज महागात पडणारा आहे: विवरणपत्राची तारीख वाढली म्हणजे कर भरायचीही तारीख वाढली. कोविडच्या वर्षी हे अनेकांच्या अंगाशी आले. २०१९-२० या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्राची तारीख पुढे जात जात वैयक्तिक करदात्यांसाठी १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. पण ज्यांचा स्वयंनिर्धारण कर एक लाख रुपयांपेक्षा जास्त होता, त्यांच्यासाठी कर भरण्याची तारीख वाढली नव्हती आणि त्या रकमेवर दरमहा एक टक्क्याने व्याज चढत होते. अग्रिम कराचे तर गणितच वेगळे. विवरणपत्राला मुदतवाढ मिळाली तरी अग्रिम कर कमी भरल्याचे व्याज त्याने थांबत नाही.

जीएसटीत उलट आहे. तिथे कर भरण्याची तारीख विवरणपत्राच्या तारखेला बांधलेली आहे, म्हणून विवरणपत्राची मुदत अधिकृतपणे वाढली की तेवढ्या दिवसांचे व्याज लागत नाही. ती वाढली नसेल तर वार्षिक १८ टक्के व्याज आणि साधारणपणे रोज ५० रुपये विलंब शुल्क. वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्या आणि त्रैमासिक विवरणपत्र निवडलेल्या व्यापाऱ्याची महाराष्ट्रातील तारीख तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ असते, त्यामुळे ऑगस्ट २०२५ ची ती मुदतवाढ अशा मुंबईकराच्याही उपयोगाची नव्हती.

या व्यवस्थेत एक खरी उणीव आहे आणि ती मांडायलाच हवी. आदेश फार उशिरा येतात. मुंबईचा आदेश शेवटच्या दिवशी निघाला. २०२५ मध्ये लेखापरीक्षण अहवालाची ३० सप्टेंबरची तारीख वाढवताना पूर आणि नैसर्गिक आपत्तींचाही दाखला दिला गेला, पण तो निर्णय २५ सप्टेंबरला आला. घरात चिखल असलेल्या माणसाने तोवर कर्ज काढून कर भरलेला असतो. अमेरिकेत याहून सुटसुटीत रीत आहे. केंद्रीय पातळीवर आपत्ती जाहीर झाली की तिथले करखाते त्या भागातील पत्ता असलेल्या करदात्यांच्या तारखा अर्ज न मागता पुढे नेते. जानेवारी २०२५ च्या वणव्यानंतर लॉस एंजेलिस काउंटीतील करदात्यांना १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली, आणि ती विवरणपत्र व कर भरणा दोन्हींसाठी होती. जिल्हाधिकाऱ्यांचा नुकसानीचा अहवाल मंत्रालयात पोचतो, त्याच क्षणी कर मंडळांनाही जावा आणि तारखा तिथून हलाव्यात, यात अशक्य काही नाही. तोवर गोंदियासारख्या कडेच्या जिल्ह्यातील व्यापारी आणि करसल्लागार संघटनांनी शेवटच्या तारखेची वाट न पाहता लेखी मागणी करणे हाच मार्ग उरतो. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर आयकर विवरणपत्राची ३१ ऑगस्टची तारीख एकट्या त्या राज्यासाठी १५ सप्टेंबरपर्यंत गेली होती, म्हणजे स्थानिक मुदतवाढ आयकरातही मिळू शकते.

सरकारकडून मिळालेल्या मदतीवर कर लागतो, ही भीतीही काहींना असते. आपत्तीमुळे केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेकडून व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला मिळालेली भरपाई १९६१ च्या कायद्याच्या कलम १०(१०बीसी) नुसार करमुक्त आहे. अपवाद एवढाच, की दुकानदाराने तेच नुकसान खर्च म्हणून आधी वजा करून घेतले असेल, तर तेवढ्या रकमेपुरती ही सूट मिळत नाही.

आणि तारीख निघूनच गेली असेल तर? मुदतवाढ न मिळालेल्या जिल्ह्यातील माणसालाही आयकरात एक दार उघडे असते. कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्यासाठी अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार परतावा किंवा तोट्याचा दावा एक कोटी रुपयांपर्यंतचा असेल तर प्रधान आयकर आयुक्त किंवा आयुक्त त्यावर निर्णय देतात, आणि संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हा अर्ज करावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे अर्ज लिहिताना कोणत्या वर्षाला कोणता कायदा लागू, हे सल्लागाराकडून तपासून घ्यावे. अर्जात 'पूर आला होता' एवढे लिहून भागत नाही. उशीर खऱ्या अडचणीमुळे झाला, हे दाखवावे लागते. म्हणून पंचनाम्याची प्रत, नुकसानीचे तारखेसह फोटो, वीज खंडित असल्याचा किंवा रुग्णालयाचा कागद त्याच आठवड्यात जमवून ठेवावा. पंचनाम्याची प्रत तहसील कार्यालयाकडे लेखी अर्ज करून मागता येते.